दुष्काळी गिरजा

सुलोचनाबाईचा जन्म गिरज्याच्या मागच्या दोन खोल्यांत झाला आणि त्याच खोल्या तिनं अडुसष्टाव्या वर्षी सोडल्या. मधली पंचवीसेक वर्षं ती तिथं नव्हती. त्या वर्षांबद्दल तिला एकदा चारचौघांत माफी मागावी लागली होती.

वर्ध्याकडून हिंगणीला जाणाऱ्या रस्त्यावर मिशनचं वडगाव आहे. तिथला काळ्या दगडाचा गिरजा स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या एका साहेबानं मोठ्या दुष्काळात बांधायला काढला. माणसं पाला खाऊन मरत होती. सरकारी कामावर खडी फोडायला ताकद नसलेल्यांना साहेबानं चुन्याच्या टोपल्या उचलायला लावलं आणि मजुरीत ज्वारी दिली. आसपासच्या खेड्यांत त्याला अजून दुष्काळी गिरजाच म्हणतात. सुलोचनाचा पणजा त्या कामावर आला तेव्हा सात-आठ वर्षांचा असेल. आईबाप रस्त्यातच गेले होते. साहेबानं त्याचं नाव दानिएल ठेवलं, त्याला अनाथाश्रमात वाढवलं आणि मोठा झाल्यावर गिरज्याचा चौकीदार केलं. तेव्हापासून घंटा वाजवण्याचं आणि झाडलोटीचं काम त्याच घरात राहिलं.

गिरज्याच्या भिंती दोन हात जाड होत्या. छताचं वजन पेलणाऱ्या तिकोनी कैच्या हिंगणीच्या जंगलातल्या सागाच्या, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. खिडक्यांना टोकदार कमानी, पण काच साधी, पांढरी. आत मूर्ती नाही, चित्र नाही, मेणबत्ती नाही, भिंतीवर क्रूससुद्धा नाही. समोरच्या भिंतीशी मधोमध उंच व्यासपीठ, पाळकाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जावा म्हणून त्याच्यावर लाकडाची छत्री, आणि खाली प्रभुभोजनाचं साधं टेबल. साहेबानं नकाशा आपल्या थंड देशातला आणला होता. पहिल्याच उन्हाळ्यात लोक उपासनेत चक्कर येऊन पडले, म्हणून दोन्ही बाजूंना मागाहून पडव्या काढल्या. पडवीचं छप्पर खिडकीच्या कमानीला जरा आडवं जायचं. सुलोचनाचा बाप म्हणायचा, आपला देव कानानं ऐकायचा असतो, डोळ्यानं पाहायचा नसतो, म्हणून इथं पाहण्यासारखं काही ठेवलं नाही. लहानपणी सुलोचनाला ते पटायचं नाही. तिला पाहण्यासारखं पुष्कळ दिसायचं.

शेवटचा बाक मात्र तिला आवडत नसे. तो शिस्तीखालच्या लोकांचा. दारू पिऊन भांडण केलेला, बायको टाकलेला, पूजेला नारळ फोडून आलेला, असा कोणी असला की मंडळीचे वडील, म्हणजे निवडलेले पुढारी, त्याला तिथं बसवत. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट त्या बाकापर्यंत यायचं नाही.

ती बावीस वर्षांची असताना वैशाखातल्या वादळानं अर्धे कवेलू उडाले, आणि वर चढून पाहिलं तर उत्तरेकडच्या एका कैचीचा पाय सडलेला. हिंगणीकडच्या एका खेड्यातून बाबाराव नावाचा सुतार बोलावला. सोबत त्याचा धाकटा भाऊ लहानू होता. दोघं महिनाभर वर चढून काम करत होते. बाबारावनं सडका भाग कापून नवा साग जोडला, सांध्याला लोखंडी पट्टी ठोकली. सुलोचना त्यांना पाणी द्यायला जायची. एक दिवस पाणी पिता पिता बाबारावनं विचारलं, "तुमच्या देवाचा फोटो नाई काई?"

"नाई," ती म्हणाली. "आमच्यात ठेवत नाईत."

"मंग तो कोनाची जात बी पाहात नसन."

ती हसली. पुढं ती म्हणायची, की लग्न त्याच दिवशी झालं, वर्ध्याच्या कचेरीत सह्या नंतर झाल्या.

मंडळीनं जात काढली नाही. ते तसं काढत नसत. श्रद्धेबाहेरचा माणूस, एवढंच म्हणाले. बाबारावनं बाप्तिस्मा घेतला तर हरकत नाही, असा निरोपही धाडला. बाबाराव चिडला नाही, पण त्यानं ऐकलंही नाही. "माह्या बापानं छप्पन साली नागपूरले जाऊन धर्म बदलला," तो म्हणाला. "आमच्या घरचं बदलनं झालं. आता कोनासाठी बदलाचं नाई." सुलोचनाला हे बोलणं आवडलं होतं. तिचं नाव शिस्तीत गेलं. त्या वर्षीच्या नाताळात ती गिरज्यात गेली आणि शेवटच्या बाकावर बसली. ताट फिरवत आलेल्या मंडळीच्या वडिलांनी दोन बाक आधीच पाठ फिरवली. पुढं उभ्या असलेल्या बापानं ते पाहिलं आणि मान वळवली. त्यानंतर ती गेली नाही.

सेलूला त्यांनी घर केलं. बाबाराव दारं-खिडक्या करायचा, हात चांगला होता, काम कधी थांबलं नाही. घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, आणि खालच्या फळीवर तिचं बायबल. कोणी कोणाला काढायला सांगितलं नाही. मेघा झाली. लहानू दर सणाला यायचा, वहिनीच्या हातचं कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यांचं ताट घेऊन दारातच बसायचा आणि मेघाला खांद्यावर घेऊन बाजार दाखवून आणायचा. सुलोचनानं कधी त्या वर्षांबद्दल तक्रार केली नाही, कारण तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. मग बाबारावला कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग दवाखाना, आणि तोवर उशीर झाला होता. त्याच्या गावच्या नदीकाठी लहानूनं त्याला अग्नी दिला.

दोन वर्षांनी मेघा बारावी झाली. तिला नर्स व्हायचं होतं. मिशनच्या एका दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत जागा होती, खर्च जवळजवळ नव्हता, पण आई मंडळीची सभासद असल्याचा दाखला पाहिजे होता. सुलोचना वडगावला गेली. मंडळीचे मुख्य वडील आता मोतीलाल होते, तिच्या थोरल्या काकाचा मुलगा. लहानपणी दोघं एकाच पाटीवर अक्षरं गिरवलेली. मोतीलालनं तिला खुर्ची दिली, चहा मागवला, पोरीची चौकशी केली. मग सांगितलं, यात अवघड काही नाही, शिस्तीतून परत यायचं तर मंडळीसमोर पश्चात्ताप कबूल करावा लागतो, तो केला की दाखला लगेच मिळेल. तिनं विचारलं, कशाचा पश्चात्ताप? मोतीलाल म्हणाला, लग्नाचा.

मेघानं ऐकलं तेव्हा तिनं सांगितलं, जाऊ नको, मी दुसरं काही शिकते. सुलोचनाला वाटलं, पोर म्हणते म्हणून म्हणते, उद्या आयुष्यभर मजुरी करताना तिला आठवेल की आईनं एक वाक्य बोलायला नकार दिला होता. ती गेली.

रविवारी ती व्यासपीठाच्या खाली, टेबलासमोर उभी राहिली. वाक्य मोतीलालनं तयार केलं होतं. तो एकेक तुकडा म्हणायचा आणि ती त्याच्यामागून म्हणायची. अविश्वासी पुरुषाशी लग्न करून मी देवाविरुद्ध पाप केलं. मला त्याचा मनापासून पश्चात्ताप होतो. "मनापासून" हा शब्द तिनं हळू म्हटला, तर मोतीलालनं तो पुन्हा म्हणायला लावला. मेघा पहिल्या बाकावर बसली होती आणि फरशीकडे पाहत होती. नंतर बाया येऊन गळ्यात पडल्या, म्हणाल्या, घरी आलीस बाई. भाकरीचं ताट तिच्यापुढं आलं. तिनं तुकडा घेतला, तो कोरडा होता, गिळायला वेळ लागला.

मेघाला जागा मिळाली. त्या दिवसानंतर ती त्या गिरज्यात पुन्हा गेली नाही, आणि याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

वडगावची गोष्ट हिंगणीपर्यंत जायला असा कितीसा वेळ लागतो. लहानू मोटरसायकलवर आला. बसला नाही.

"वहिनी, तुमी असं म्हनलं का?"

"म्हनलं," ती म्हणाली. तिला मेघाचं सांगायचं होतं, पण तो वाट पाहत थांबला नाही. त्यानं मान हलवली, गाडीला किक मारली आणि गेला. पुढं बाबारावच्या स्मरणाचं, दर वर्षीच्या पुण्यानुमोदनाचं तिला कधी बोलावणं आलं नाही.

त्याच वर्षी बाप गेला आणि चौकीदाराच्या खोल्या तिच्याकडे आल्या. मेघा वसतिगृहात, सेलूचं घर भाड्याचं, तिला दुसरी जागा नव्हती. वीस वर्षं तिनं घंटा वाजवली, बाक पुसले, पडव्यांतली वटवाघळं हाकलली, पावसाळ्यात गळणाऱ्या जागी बादल्या ठेवल्या. झाडताना तिची नजर उत्तरेकडच्या कैचीवर जायची. नवा साग जुन्या सागापेक्षा उजळ होता, मग हळूहळू तोही काळा पडला आणि सांधा फक्त तिलाच ओळखू यायचा. खाली, टेबलासमोरच्या फरशीवरून मात्र ती झाडू भरभर फिरवायची.

मंडळी आटत गेली. पोरं नागपूरला, पुण्याला गेली. जी जवळ राहिली ती वर्ध्याजवळच्या सावंगीत, आणि तिथं मेडिकल कॉलेजच्या परिसरात केरळच्या, मणिपूरच्या पोरी भाड्याच्या हॉलमध्ये गिटारवर गाणी म्हणत उपासना करायच्या. वडगावची पोरंही तिकडंच जायची. दुष्काळी गिरज्यात रविवारी पंचवीस माणसं जमली तरी पुष्कळ. उत्तरेच्या भिंतीत पिंपळ रुजला होता. दोनदा कापला, दोनदा फुटला, आणि भिंतीला उभी चीर गेली. गेल्या वर्षी मोतीलालनं सांगितलं की एका बांधकामवाल्याशी बोलणं झालं आहे. गिरजा पाडायचा, रस्त्याच्या बाजूला दुकानाचे गाळे, वर नवा हॉल, लिफ्ट, थंड हवा. गाळ्यांच्या उत्पन्नावर मंडळी उभी राहील.

मोतीलाल वाईट माणूस होता असं नाही. त्याचे गुडघे गेले होते, पायऱ्या चढताना त्याला दोघं धरायचे. त्याची नातवंडं त्या गिरज्याला भूतबंगला म्हणायची. आणि त्याचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. देव दगडात राहत नाही, हे तर त्याच व्यासपीठावरून शंभर वर्षं सांगितलं गेलं होतं. इमारत पवित्र नाही, जमलेली माणसं पवित्र. सुलोचनाच्या बापानंही तिला हेच शिकवलं होतं. ती त्याच्याकडे जाऊन म्हणाली, दादा, भिंत दुरुस्त होते, निदान कोणाला तरी दाखवून पाहा. मोतीलाल म्हणाला, दाखवली, त्यापेक्षा नवं बांधणं परवडतं. मग जरा सौम्यपणे म्हणाला, की तिला दगडाचा मोह पडला आहे, म्हाताऱ्या माणसाला पडतो, आणि मोह हीसुद्धा मूर्तिपूजाच. नव्या हॉलमध्ये झाडलोटीचं काम तिच्याकडेच ठेवू, असंही त्यानं कबूल केलं.

ती घरी येऊन बसली. तिला दगडाचा राग आला नाही, मोतीलालचाही नाही, स्वतःचा आला. या चार भिंतींत परत यायला तिनं काय दिलं होतं, ते तिला लख्ख दिसत होतं. मेघाला आपल्या हुशारीनं, आपल्या हिमतीनं कुठंतरी नोकरी मिळालीच असती. ती आपणहून तसं म्हणाली होती. आणि ज्यांनी नवऱ्याचं नाव पाप म्हणून घ्यायला लावलं, ते आता म्हणत होते की ही जागा काही विशेष नाही.

मार्चमधल्या एका रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा ठेवली. नवीन पाळक तरुण होता, छत्तीसगडकडून आलेला, त्याला भांडण नको होतं. मोतीलाल टेबलाच्या बाजूला खुर्चीवर बसून बोलला, नकाशा दाखवला, आणि हात वर करायला सांगितलं. तेवढ्यात सुलोचनाबाई उठली आणि टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"मले बोलाचं हाये," ती म्हणाली.

मोतीलालनं सांगितलं, की आधी मत होऊ द्या, बोलणं नंतर.

"इथं उभी राहून मी एक डाव बोलली," ती म्हणाली. "तवा तुमी एकेक शब्द माह्या तोंडात घातला. आज माहे शब्द आयका. बाबारावशी लगन केलं ते पाप होतं, असं मी म्हनलं होतं. पोरीच्या दाखल्यासाठी म्हनलं. ते खोटं होतं. तुमी गिरजा पाडा, नोका पाडू, माह्या हाती नाई. पन पाडाच्या आधी मी माहं बोलनं वापस घेऊन राह्यली."

मागच्या एका बाकावरून खोकल्याचा आवाज आला. मोतीलालनं टेबलावरचा नकाशा सरळ केला. मग म्हणाला, "ताई, हा विषय वडीलमंडळाचा आहे. इथं आज इमारतीवर मत आहे." आणि त्यानं पुन्हा हात वर करायला सांगितलं. हात वर गेले. वीस वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात पडलेल्या दोघी-तिघी बाया होत्या, त्यांनीही केले. त्यांना नवीन हॉल पाहिजे होता, आणि ते साहजिक होतं. विरोधात एकटी सुलोचना. तिनं हात वर केला तो कोणी मोजला की नाही, तिला कळलं नाही.

आठवड्यानं पाळक तिच्या खोलीवर आला. हिंदी-मराठी मिसळून मायेनं बोलला. तुम्ही दुःखात बोललात, तसं एका ओळीत सांगा, मी वडिलांना समजावतो, नाव काढायची वेळ येणार नाही. ती म्हणाली, दुःखात बोलली ती मागच्या खेपेला, या खेपेला शुद्धीत बोलली. तो थोडा वेळ बसला, प्रार्थना करू का म्हणून विचारलं. तिनं नको म्हटलं. जन्मात पहिल्यांदा तिनं पाळकाला प्रार्थनेला नको म्हटलं होतं. एप्रिलमध्ये तिचं नाव सभासदांतून निघालं. मे महिन्यात ती सामान घेऊन सावंगीला मेघाकडे गेली.

मेघाला तिनं पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. मेघा आता दवाखान्यात वॉर्डाची मुख्य नर्स होती, ड्युटीला निघायच्या घाईत पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "बरं झालं," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, तव्याकडेच पाहत, "मी तवाच म्हनलं होतं आई, जाऊ नोको." तेवढंच. ती ड्युटीला गेली आणि सुलोचना पोळ्या झाकून बसून राहिली. तिला वाटलं होतं, पोर रडेल, मिठी मारेल, निदान चिडेल तरी. पण त्या पोरीनं फरशीकडे पाहत जे गिळलं होतं ते वीस वर्षांत पार खाली गेलं होतं, आता वर येणार नव्हतं.

पावसाच्या आधी पाडकाम सुरू झालं. सुलोचनाला जायचं नव्हतं, तरी ती बसनं गेली. कवेलू उतरवून रचून ठेवले होते. व्यासपीठ उपटून पडवीत आडवं टाकलं होतं, छत्री वेगळी. नागपूरचा एक लाकडाचा व्यापारी साग पाहायला आला होता, कुणाच्या फार्महाउसला जुना साग पाहिजे होता. खाली उतरवलेल्या कैच्यांवर तो हातोडीनं ठोके मारून आवाज ऐकत चालला होता. उत्तरेकडच्या कैचीपाशी थांबला, पट्टी पाहिली, नखानं सांधा खरवडला आणि मजुराला म्हणाला, "ये जोड का माल है, ये नहीं लगेगा. बाजू कर."

सुलोचना पुढं झाली. हे लाकूड मला द्या, ती म्हणाली. बांधकामवाल्याच्या मुकादमानं विचारलं, नेणार कशात? मेघाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पंधरा फुटांची तुळई कुठं ठेवणार होती ती. मुकादम चांगला माणूस होता, म्हणाला, मावशी, दोन दिवस ठेवतो, गाडी आणा. तिनं गाडी आणली नाही. कोणाला सांगणार होती? नंतर कळलं, ते लाकूड रस्त्यावरच्या ढाब्यावाल्यानं भट्टीसाठी फाडून नेलं.

मग तिच्या मनानं घेतलं, की निदान लहानूला सांगावं. वीस वर्षांत ती त्या गावात गेली नव्हती. घर तेच होतं, वर पत्रे नवे. लहानू दारात खाटेवर बसला होता, केस सगळे पांढरे. त्यानं तिला लगेच ओळखलं. उठला नाही, पण बायकोला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. सुलोचनानं सगळं सांगितलं, सभेत काय बोलली ते शब्दन् शब्द. मेघाच्या दाखल्याचंही सांगितलं, जे तेव्हा सांगायचं राहून गेलं होतं. ती थांबल्यावर लहानूनं तिचा पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला.

"दाखल्याचं मले माईत होतं," तो म्हणाला. "मेघानं फोन केलता तवाच. मी म्हनलं, वहिनी सोता येऊन सांगन. मी वाट पाह्यली."

"मले वाटलं तुमी आयकनार नाई."

"तवा आयकलं असतं," लहानू म्हणाला.

त्याच्या बायकोनं जेवायला वाढलं. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर. ती शेजारी बसून आग्रह करत होती, लहानू मात्र आत आला नाही, बाहेर खाटेवरच बसून राहिला. निघताना त्यानं बसची वेळ सांगितली आणि फाट्यापर्यंत सोबत चालत आला. रस्त्यात भावाचं नाव दोघांपैकी कोणी काढलं नाही. बस आली तेव्हा "येजो कधी" असं तो म्हणाला खरा, पण कोणत्याही पाहुण्याला म्हणतात तसं.

आता वडगावला गाळ्यांचे खांब उभे राहिले आहेत आणि रस्त्याकडून मागची दफनभूमी दिसत नाही. तिथं सुलोचनाचे आईबाप आहेत, आजा आहे, दानिएल आहे. ती जागा सभासदांची. बाबारावला ज्या नदीकाठी अग्नी दिला तिथं जायचं तर लहानूच्या घरच्यांनी न्यायला पाहिजे. रविवारी सकाळी मेघा रात्रपाळीहून येऊन झोपलेली असते आणि सुलोचनाबाई गॅलरीत तांदूळ निवडत बसते. आपल्यानंतर आपल्याला कुठं न्यायचं, हे मेघानं तिला विचारलेलं नाही, आणि तिनंही सांगितलेलं नाही, कारण काय सांगावं हे तिचं तिलाच ठरवता येत नाही.